सगळ्या माद्याच निघाल्या, म्हणून लगेच वोल्बाकिया? आधी न फुटलेली अंडी बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंगणातल्या चिकण्याच्या झुडपावरून तीन दिवसांत ग्रेट एगफ्लाय या फुलपाखराची ४८ अंडी गोळा केलीत. त्यांतून २२ अळ्या निघाल्या, ५ वाटेत मेल्या, १७ फुलपाखरं झाली आणि सतराच्या सतरा माद्या. कोणीतरी सांगितलं की हा वोल्बाकिया जिवाणू आहे, पुढच्या खेपेला अळ्यांना टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक द्या. हे खरंच जिवाणूचं काम आहे का, औषध द्यावं का, माद्या बाहेर सोडाव्यात का आणि घरातल्या लहान मुलांना यातून काही होईल का, असं तुम्ही विचारलंत.

शेवटच्या तिन्हींची उत्तरं छोटी आहेत. औषध देऊ नका, माद्या त्याच अंगणात सोडा, मुलांनी साबणाने हात धुतले की पुरे. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ द्यावा लागेल, कारण तुम्ही सतरा माद्यांकडे बघताय आणि खरी माहिती आहे त्या २६ न फुटलेल्या अंड्यांत.

आधी एक घोळ मिटवू. रानातल्या फुलपाखरावर आणि फुलपाखरात जिवाणू असतातच, पण ते सगळे एका जातकुळीचे नाहीत. अळीच्या आतड्यात जे सापडतात ते बहुतेक पानाबरोबर आलेले पाहुणे. तिथला रस चांगलाच अल्कधर्मी असतो, अन्न भराभर पुढे सरकतं, त्यामुळे कायमची वस्ती फारशी होत नाही. बेंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी प्लेन टायगर आणि कॉमन कॅस्टर या दोन जातींच्या अळ्यांच्या आतड्यातले जिवाणू प्रतिजैविकांनी विस्कटून पाहिले, तरी अळ्यांच्या वाढीवर आणि जगण्यावर परिणाम दिसला नाही (२०१९). प्रौढ फुलपाखरात मकरंद, सडकी फळं, ओला चिखल यांतून वेगळीच भरती होते. तुमच्या प्रश्नाशी या दोन्हींचा संबंध नाही. तुम्ही विचारताय तो तिसरा प्रकार: पेशीच्या आत राहणारा, अंडाशयात ठाण मांडून बसणारा आणि आईच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जाणारा. वोल्बाकिया त्यातला सर्वांत पसरलेला. १९२४ मध्ये हर्टिग आणि वोल्बॅक यांना तो क्युलेक्स डासात दिसला. आपल्याकडे पुण्याच्या एनसीसीएस या संशोधन संस्थेतल्या गटाने पश्चिम घाटातल्या ५६ जातींची फुलपाखरं तपासली, तेव्हा २९ जातींत तो सापडला (२०१२). म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यामुळे 'आहे की नाही' हा प्रश्न तितकासा कामाचा नाही. असलाच तर तो करतो काय, हे शोधायचं.

शुक्रपेशीतून वोल्बाकिया पुढे जात नाही, फक्त अंड्यातून जातो. त्याच्या दृष्टीने नर म्हणजे वाया गेलेला मुक्काम. म्हणून त्याच्या बहुतेक करामती मादीच्या बाजूने झुकलेल्या असतात. काही जातींत नर गर्भातच मरतात. काहींत जनुकीय नर मादी म्हणून वाढतो. आणि सर्वांत जास्त आढळणारी तिसरी तऱ्हा म्हणजे मीलनातली विसंगती: बाधित नराचा निर्बाधित मादीशी संकर झाला की अंडी मरतात, पण बाधित मादीची अंडी मात्र तरतात. फुलपाखरांत लिंग ठरवणारी गुणसूत्रं मादीत झेड-डब्ल्यू आणि नरात झेड-झेड असतात. नराची घडण ज्या प्रथिनावर अवलंबून असते, तेच प्रथिन वोल्बाकियाचं 'ऑस्कर' नावाचं प्रथिन निकामी करतं, हे जपानी संशोधकांनी मक्यावरच्या खोडकिड्याच्या पतंगात २०२२ मध्ये दाखवलं. ते निकामी झालं की झेड गुणसूत्रावरच्या जनुकांचा हिशेब बिघडतो आणि नर गर्भ मरतो. मादी गर्भाला त्या प्रथिनाची गरजच नसते.

आता तुमच्या अंड्यांकडे. ग्रेट एगफ्लायचं अंडं घातल्यावर काचेसारखं फिकट हिरवं असतं, उभे कंगोरे असलेलं, आणि आपल्या हवेत साधारण चार दिवसांत फुटतं. न फुटलेलं अंडं टाकून देऊ नका, दहा पट भिंगाखाली धरा. फळलेलंच नसेल तर रंग घातला तसाच राहतो आणि दोन-तीन दिवसांत अंडं एका बाजूने चेपतं. गर्भ वाढून मेला असेल तर आत गडद डाग, कधी डोक्याचं काळं टोपण कवचातून स्पष्ट दिसतं, पण कवच कुरतडलेलं नसतं. परजीवी गांधीलमाशीने घेरलेलं अंडं सगळीकडून एकसारखं काळं पडतं आणि काही दिवसांनी त्याला सुईने टोचल्यासारखं गोल भोक पडतं. नरहत्येचा, म्हणजे जिवाणूने नर गर्भ मारल्याचा, संशय येतो तो दुसऱ्या प्रकारात, म्हणजे गर्भ सुरू होऊन थांबलेली अंडी निम्म्याच्या आसपास असतील तेव्हा. तुमची २६ पैकी २० जर पहिल्या प्रकारची असतील तर गोष्ट वेगळी आहे: मादीचं मीलन नीट झालं नसेल, किंवा अंडी खिडकीतल्या उन्हात सुकली असतील. मात्र अगदी लवकर मेलेला गर्भ भिंगाखाली न फळलेल्या अंड्यासारखाच दिसू शकतो, तेव्हा या एका खुणेवर सगळं सोडू नका.

इथे एक अडचण नेहमी येते. आधी निघालेल्या अळ्या शेजारची न फुटलेली अंडी खाऊन टाकतात. (बाधित बहिणींना मेलेल्या भावांचा होऊ शकणारा एक फायदा हा.) म्हणून मोजणी अंडी फुटायच्या आधी करायची. पानाचा अंड्यांसकट मोबाइलवर जवळून फोटो काढा, प्रत्येक अंड्याला फोटोत क्रमांक द्या, आणि तिसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ तोच फोटो पुन्हा काढा. 'अंदाजे पन्नास होती' या आकड्यावर काहीच उभं राहत नाही.

मग नर-मादी ओळख. ग्रेट एगफ्लायचा नर वरून काळाभोर, पुढच्या पंखांवर दोन-दोन आणि मागच्या पंखांवर एक-एक असे पांढरे ठिपके, त्यांना निळा-जांभळा झळाळ. मादी तपकिरी-काळी, कॉमन क्रो या दुसऱ्या फुलपाखराची नक्कल करणारी. ही चूक होण्यासारखी नाही, म्हणून तुमच्या सतरा माद्या मी मान्य करतो. प्रश्न आहे मेलेल्या पाच अळ्यांचा. त्या नर असत्या तर? त्या काळ्या काटेरी अळीत नर ओळखता येत नाही, कोषात येतो. कोष पोटाच्या बाजूने वर करून शेपटाकडची शेवटची वलयं बघा. मादीत आठव्या वलयावर मधोमध बारीक उभी चीर असते आणि तिच्यामुळे मागच्या वलयांच्या रेषा पुढे ओढल्यासारख्या वाकतात. नरात चीर नवव्या वलयावर असते आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन बारीक फुगवटे. फुलपाखरू निघून गेल्यावर उरलेल्या रिकाम्या कोषावरही हे दिसतं, त्यामुळे कोषात मेलेल्यांचीही नोंद होते.

योगायोगाचा हिशेब सोपा आहे. नर-मादी निम्मे-निम्मे धरले तर पाचही माद्या निघण्याची शक्यता ३२ त १, दहाची १,०२४ त १, सतराची १,३१,०७२ त १. तेव्हा १७ चा आकडा नुसत्या नशिबाने येणार नाही. पण पाच-सहा माद्यांवरून जे लोक 'वोल्बाकिया' म्हणतात त्यांचं बोलणं फार मनावर घेऊ नका. आणि अर्धीच वीण मोजली असेल तर तेही फसवं, कारण बऱ्याच फुलपाखरांत नर आधी बाहेर येतात आणि माद्या मागून.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र उलगडतं. निम्मी अंडी गेली आणि उरलेल्या सगळ्या माद्या, तर नरहत्या. जवळपास सगळी अंडी फुटली आणि तरी सगळ्या माद्या, तर नरांचं मादीकरण किंवा गुणसूत्रांच्या वाटणीत गडबड. कॉमन ग्रास येलोत जपानमध्ये हेच सापडलं आहे. निम्मी अंडी गेली पण नर-मादी सारखे, तर मीलनातली विसंगती, वांझ अंडी, ऊन, परजीवी, काहीही. तुमचं ४८ पैकी २२ हे प्रमाण पहिल्या चौकटीत जवळजवळ नेमकं बसतं. पण ही अंडी तीन दिवसांत एका झुडपावरून आली, आणि ग्रेट एगफ्लाय एकाच ठिकाणी ढीगभर अंडी घालत नाही. दोन किंवा तीन माद्यांची सरमिसळ असू शकते. मादीकरण करणारा जिवाणू असलेल्या एका मादीची सगळी फुटली आणि दुसऱ्या मादीची सगळी वांझ निघाली, तरी बेरीज हीच येईल. म्हणून पुढच्या खेपेला एक आई, एक डबा. मादी अंडी घालताना दिसली की तेवढीच अंडी त्या डब्यात. असे तीन-चार आयांचे डबे झाले की तुमच्या उत्तराला वजन येईल.

ही झाली पद्धत. आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग, आणि तो मोठा आहे. ग्रेट एगफ्लायच्या फक्त मादी असलेल्या विणी फिजीत १९२० च्या दशकातच नोंदल्या गेल्या. सामोआत २००१ मध्ये मोजणी झाली तेव्हा शंभर माद्यांमागे जेमतेम एक नर होता. अवघ्या पाच वर्षांनी, २००६ मध्ये, तिथल्या उपोलू बेटावर नर ४० टक्क्यांच्या आसपास पोचले. जिवाणू गेला नव्हता. नरांना वाचवणारं जनुक फुलपाखरांत पसरलं होतं, तेही दहाएक पिढ्यांत. आग्नेय आशियातल्या ग्रेट एगफ्लायमध्ये हे जनुक आधीपासून रुळलेलं आहे, त्यामुळे तिथे बाधित नर खुशाल उडतात. आणि नर जगला की तोच जिवाणू दुसरं काम दाखवतो: बाधित नर आणि निर्बाधित मादी यांची अंडी मरतात. म्हणजे जात तीच, जिवाणू तोच, आणि गावागणिक निकाल वेगळा. सामोआची गोष्ट जशीच्या तशी कोकणातल्या अंगणात आणून ठेवता येत नाही, तुमच्या डब्यांतूनच ती कळेल.

नर खूप कमी झाले की मीलनातही फरक पडतो, तोही ध्यानात ठेवा. पॅसिफिकमध्ये असं दिसलं की नर विरळ झाले की माद्या जास्त वेळा मीलन करतात, नर थकतात आणि दर वेळी कमी शुक्रसामग्री देतात. त्यामुळे वांझ अंड्यांचं प्रमाणही अशा ठिकाणी वाढू शकतं.

वोल्बाकियालाच नेहमी दोषी धरू नका, ही आणखी एक गोष्ट. प्लेन टायगरच्या पूर्व आफ्रिकेतल्या, केनियाकडच्या फुलपाखरांत नर मारणारा जिवाणू स्पायरोप्लाझ्मा आहे, वोल्बाकिया नाही. लक्षण अगदी सारखं. वोल्बाकियाची चाचणी नकारात्मक आली म्हणून जिवाणू नाहीच असं म्हणता येत नाही, दोन्हींसाठी तपासावं लागतं.

टेट्रासायक्लिनचं का नको म्हणतो ते सांगतो. प्रयोगशाळेत ते वापरतात हे खरं, पण जिवाणू काढल्यावर काय बदलतं हे पाहण्यासाठी आणि ती फुलपाखरं बाहेर न सोडता. घरी डोस बसवता येत नाही, कारण अळी किती पान खाईल ते तिच्या हातात. कमी पडला तर जिवाणू अर्धवट राहतो, जास्त झाला तर तिच्या स्वतःच्या मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागावर, परिणाम होतो. कॉमन ग्रास येलोच्या मादीकरण झालेल्या अळ्यांना मध्येच टेट्रासायक्लिन दिलं तेव्हा अर्धवट नर, अर्धवट मादी अशी फुलपाखरं निघाली, काहींचे पंख सुरकुतलेले. वरून 'बरी केलेली' मादी अशा रानात सोडलीत जिथले नर बाधित आहेत आणि विसंगती घडवतात, तर तिचीच अंडी मरतील. तुमच्या उपचाराने तिचं नुकसान झालं. पेनिसिलिन तर वोल्बाकिया आणि स्पायरोप्लाझ्मा दोन्हींवर निरुपयोगी.

सोडायचं म्हणाल, तर सोडा. त्यांच्यातला जिवाणू त्याच अंगणातून आला आहे, एका पिंजऱ्यात राहिल्याने तो दुसऱ्या जातीच्या फुलपाखराला सर्दीसारखा लागत नाही. जातीजातींत तो क्वचित उडी मारतो, पण ती फार लांबच्या काळात घडणारी गोष्ट. फक्त पुण्यातल्या माद्या दापोलीला किंवा नागपूरच्या माद्या गोव्याला नेऊन सोडू नका. ज्या ठिकाणी नर वाचवणारं जनुक नाही तिथे नरहत्या करणारा प्रकार पोचवणं हे नुसतं पर्यटन नाही.

मुलांबद्दल: वोल्बाकिया माणसात राहत नाही. तो संधिपाद प्राण्यांत आणि काही सूत्रकृमींत राहतो. हत्तीपायाच्या कृमीत तो असतो, आणि तिथे डॉक्सिसायक्लिन देऊन आधी जिवाणू मारला की कृमीही निकामी होतो. पुदुच्चेरीच्या व्हीसीआरसी या संशोधन संस्थेने डेंग्यूसाठी वोल्बाकिया असलेले एडिस डासही तयार केले आहेत. खरी काळजी विष्ठेतल्या साध्या जिवाणूंची, त्याला साबण-पाणी पुरतं. एगफ्लायच्या अळीचे काटे टोचून आग होत नाही.

मेलेल्या पाच अळ्यांचं कारण बहुधा वोल्बाकिया नाही. अळी मऊ पडून तपकिरी पातळ हागत असेल, वास येत असेल तर आतड्याचा जिवाणूजन्य रोग. उलटी लटकून कातडी फाटत असेल तर विषाणू. दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा गर्दी आणि ओलावा. डब्यात टिपकागद रोज बदला, विष्ठा रोज काढा, पानं धुऊन पूर्ण कोरडी करून द्या, डबा पुन्हा वापरण्यापूर्वी घरगुती ब्लीच १ भाग आणि पाणी ९ भाग यात दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुवा. जवळच्या भाजीवर बीटी (अळ्या मारणारं जिवाणूजन्य कीटकनाशक) फवारलं असेल तर तिथला चिकणा तोडू नका. डबा ३० अंशांच्या आत ठेवा. तापमान चढलं की वोल्बाकियाचे काही प्रकार शरीरातून कमी होतात, आणि मग तुमच्या डब्यातला निकाल रानातल्यापेक्षा वेगळा निघतो.

खात्री हवी असेल तर पीसीआरशिवाय, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून करायच्या चाचणीशिवाय, मार्ग नाही. घरात नैसर्गिकपणे मेलेली मादी चालेल, पण मेल्यावर तासा-दोन तासांत. तिचं पोट कापून ९५ ते १०० टक्के इथेनॉलमध्ये, ऊतीच्या दहापट इथेनॉल, दुसऱ्या दिवशी ते बदलायचं आणि कुपी फ्रीझरमध्ये. फॉर्मॅलिन नको, सॅनिटायझर नको, मेडिकलमधलं ७० टक्के स्पिरिट नाइलाज असेल तरच. पोटच का, तर अंडाशयात जिवाणू दाट असतो. पायावर तपासलं तर बाधित फुलपाखरूही नकारात्मक येऊ शकतं. पाय वेगळ्या कुपीत ठेवा, ते फुलपाखराच्या स्वतःच्या डीएनएसाठी.

महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान विभागात पीसीआर यंत्र असेल तर त्यांना सांगा: वोल्बाकियाच्या डब्ल्यूएसपी जनुकासाठी ८१एफ आणि ६९१आर ही प्रायमरची जोडी, साधारण ६०० बेस जोड्यांचा पट्टा, ५५ अंशांवर जोडणी, ३५ चक्रं. त्याच नमुन्यावर फुलपाखराचं सीओआय हे मायटोकॉन्ड्रियातलं, जात ओळखायला वापरतात ते जनुक चालवायचंच. सीओआयचा पट्टा आला नाही तर डीएनएच खराब आहे, मग वोल्बाकियाचं 'नकारात्मक' वाचायचं नाही. सोबत एक नक्की बाधित नमुना आणि एक नुसतं पाणी. अळी तपासू नका: तिच्या आत परजीवी गांधीलमाशी असेल तर तिचा वोल्बाकिया तुमच्या अळीच्या नावावर जमा होतो. प्रकार ओळखायचा असेल तर पाच जनुकांची बहुस्थानी तपासणी लागते. पश्चिम घाटातल्या अभ्यासात डब्ल्यूएसपी बऱ्याच नमुन्यांत एकसारखं निघालं, फरक त्या पाच जनुकांत दिसला. आणि सीओआयवरून जातीची ओळख ठरवताना जपून, कारण मायटोकॉन्ड्रियाही आईकडूनच येतात. वोल्बाकिया एखाद्या रानात पसरला की त्याच्याबरोबर एकच मायटोकॉन्ड्रियल वंश पसरतो आणि जातींच्या सीमा चुकीच्या दिसू शकतात.

एका मादीचा निकाल म्हणजे तालुक्याचा निकाल नव्हे. दहा माद्या तपासून एकही बाधित निघाली नाही तरी खरं प्रमाण २५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. उडणारी फुलपाखरं मोजून नर-मादी प्रमाण काढायचा मोहही टाळा: नर उन्हात मोक्याच्या जागी बसून हद्द राखतात म्हणून दिसतात, मादी कॉमन क्रो समजून सुटून जाते.

नमुन्यांसाठी जंगलातून फुलपाखरं धरायची असतील तर वनविभागाची परवानगी लागते. अंगणातही अळी कुणाची ते आधी नक्की करा, कारण डॅनाइड एगफ्लायची अळी ग्रेट एगफ्लायसारखीच काळी काटेरी असते, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत त्या जातीचं नाव होतं. २०२२ च्या दुरुस्तीत अनुसूचींची मांडणी बदलली आहे, तेव्हा सध्याची यादी बघूनच पुढे जा. कुपीत चिठ्ठी टाकाल ती पेन्सिलीने लिहा: जात, आईचा क्रमांक, ठिकाण, तारीख, अंडी किती, फुटली किती, नर किती, मादी किती. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये उतरते आणि महिन्याभराने कुपीत फक्त निळं पाणी दिसतं.